‘औषध पिलेला पेशंट आलाय’ : ग्रामीण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कपाशी-सोयाबीनवर फवारणी सुरू झाली की आमच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) पॉयझनिंगच्या (विषबाधेच्या) केसेस वाढतात, आणि नेमके त्याच सुमाराला बाँडवरचे (सक्तीची सरकारी सेवा करणारे) नवे डॉक्टर रुजू होतात. पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण साधारण तेच प्रश्न विचारतो. सिस्टरही विचारतात, रुग्णाबरोबर आलेले काका-मामाही विचारतात. रात्री दोनला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे पान. साप आणि विंचू यात घेतलेले नाहीत, तो स्वतंत्र विषय आहे.

पेशंट दारातून आत आला. सगळ्यात आधी काय बघायचं?

श्वास. विषाचं नाव नंतर. नवा डॉक्टर आधी बाटलीवरचं लेबल वाचायला जातो आणि तेवढ्यात इकडे पेशंट निळा पडतो, हे मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे. तोंडात फेस, लाळ, उलटी असेल तर सक्शन करा, म्हणजे यंत्राने ओढून काढा. डाव्या कुशीवर वळवा, ऑक्सिजन लावा. श्वास उथळ असेल तर अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हातात घ्या. मग नाडी, बीपी, दोन मोठ्या शिरांत सलाइनची सुई. आणि बेशुद्ध किंवा बडबडणाऱ्या प्रत्येक पेशंटची साखर. ग्लुकोमीटरला अर्धं मिनिट लागतं. साखर कमी आली तर २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून. ‘दारू पिऊन पडलाय’ म्हणून कोपऱ्यातल्या खाटेवर टाकलेला माणूस साखर चढवल्यावर उठून बसतो, असंही होतं.

फिट येत असेल तर डायझेपाम किंवा लोराझेपाम. हे सगळं होईपर्यंत विष कोणतं हे माहीत नसलं तरी काही बिघडत नाही.

नातेवाईक नुसतं ‘औषध घेतलं’ म्हणतात. कुठलं औषध, हे कसं काढायचं?

आपल्याकडची ही खरी पंचाईत आहे. तापाची गोळी तीही औषध, कपाशीवर मारायचं तेही औषध आणि उंदराचं तेही औषध. त्यामुळे ‘कोणतं?’ असं विचारू नका, ‘कशावर मारायचं?’ असं विचारा. तणावर, किडीवर, धान्यात टाकायचं, उंदराचं, डासाचं, ढेकणाचं. या एका प्रश्नाने निम्मं काम होतं. तणनाशक आणि कीटकनाशक यांचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत.

मग एका माणसाला मोटारसायकलवर परत पाठवा. बाटली, पुडा, गोळ्यांची पट्टी, जे असेल ते आणायला सांगा. बाटली रिकामी असली तरी चालेल, उकिरड्यावर फेकली असली तरी शोधून आणायची. तिथे जाणं शक्य नसेल तर कृषी सेवा केंद्रवाल्याला फोन लावायला सांगा, काय विकलं ते त्याला बहुतेक वेळा आठवतं. लेबलवर कंपनीचं नाव मोठं असतं, आपल्याला हवं असतं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं घटकाचं नाव. मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचा.

शेवटचा प्रश्न वेळेचा. ‘सकाळी’ हे उत्तर घेऊ नका. ‘दूध घालायला गेला त्याच्या आधी की नंतर?’ असं विचारलं की नेमकी वेळ मिळते.

सांगणारं कोणीच बरोबर नसेल तर? अंगावरून विष ओळखता येतं का?

बऱ्यापैकी येतं. डोळ्याची बाहुली, कातडी, नाडी, ताप आणि पोटाचा आवाज, या पाच गोष्टी बघा. मी नव्या मुलांना सांगतो, हातमोजा घालून आधी काखेत हात घाला.

काख ओलीचिंब, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, छातीत घरघर, नाडी मंद, कपड्यांत लघवी-संडास झालेली, मांडीचे आणि पापणीचे स्नायू आपोआप लवतायत, अंगाला लसणासारखा किंवा रॉकेलसारखा वास: हे ऑर्गेनोफॉस्फेट किंवा कार्बामेट जातीचं कीटकनाशक. शरीरात अ‍ॅसिटिलकोलीन (नसांचा निरोप पोचवणारं रसायन) मोडणारं एन्झाइम बंद पडलेलं असतं, त्यामुळे सगळ्या ग्रंथींचे नळ एकदम उघडतात. नाडी कधीकधी मंद नसून जलदही असते, त्यावरून फसू नका.

काख कोरडी ठाक, अंग तापलेलं, चेहरा लाल, बाहुल्या मोठ्या, लघवी तुंबलेली आणि माणूस हवेतले धागे ओढल्यासारखी बोटं हलवत न दिसणाऱ्या माणसांशी बोलतोय: धोत्रा, किंवा त्या गुणाच्या गोळ्या. महाशिवरात्रीला धोत्र्याची फळं घरात येतात आणि पोरांच्या हाती लागतात. याला थंड ठेवा, डायझेपामने शांत करा, लघवीची नळी घाला आणि ईसीजी बघा.

बाहुल्या बारीक, अंग कोरडं, श्वास मिनिटाला सात-आठ, हाक मारली की एकदा डोळे उघडून पुन्हा झोप: अफूच्या जातीचं काहीतरी. नालोक्झोन (अफूचा उतारा) द्या, पण मात्रा श्वास सुधारेपर्यंतच. खडबडून जागा करायचा नाही.

उलट्या आणि नाडी ४० च्या आसपास, बाकी फार काही नाही, असा पेशंट आला तर ‘बिट्टी खाल्ली का?’ असं विचारा. पिवळ्या कण्हेरीच्या बिया हृदयाची विद्युत यंत्रणा बिघडवतात. अ‍ॅट्रोपिन (नाडी वाढवणारं आणि लाळ-घाम सुकवणारं इंजेक्शन) देऊन, मॉनिटर लावून पेसमेकरची सोय असलेल्या ठिकाणी हलवा.

खरी माणसं पुस्तकातल्या चित्राप्रमाणे येत नाहीत. औषध पिताना सोबत दारू घेतलेली असते, दोन कीटकनाशकं एकत्र केलेली असतात. चित्र जुळलं नाही तर दर १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि लिहून ठेवा.

अ‍ॅट्रोपिन नेमकं किती द्यायचं? कुठे थांबायचं?

ओल्या काखेच्या, म्हणजे कीटकनाशकाच्या पेशंटचा हा मुख्य उपचार. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. चूक एकच असते, हात आखडता घेण्याची.

आपल्याकडची अँप्युल ०.६ मिलिग्रॅमची. मोठ्या माणसाला पहिला डोस १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३ ते ५ अँप्युल एकदम शिरेतून. ५ मिनिटं थांबा, छाती ऐका. सुधारणा नसेल तर दुप्पट. पुन्हा ५ मिनिटं, पुन्हा दुप्पट. म्हणजे ५, मग १०, मग २०. ट्रेमध्ये फोडलेल्या अँप्युलचा ढीग झाला की नव्या डॉक्टरला घाम फुटतो. घाबरू नका. एक सिस्टर फक्त अँप्युल फोडायला आणि एक मामा (वॉर्डबॉय) घड्याळ बघून वेळ-डोस लिहायला, अशी वाटणी केली की काम सुरळीत होतं. लहान मुलांत सुरुवात किलोमागे ०.०२ ते ०.०५ मिलिग्रॅमने.

थांबायचं ते छाती स्वच्छ झाली, घरघर गेली, नाडी ८० च्या वर आणि वरचं बीपी ८० च्या वर आलं, काख कोरडी झाली की. बाहुल्या मोठ्या होण्याची वाट बघत बसू नका, त्या उशिरा बदलतात. नाडी आधीच १२० आहे म्हणून अ‍ॅट्रोपिन रोखायचं नाही. छाती ओली असेल तर द्यायचंच. मात्र एकाच बाजूला, खालच्या भागात आवाज येत असतील तर उलटी फुप्फुसात गेली असण्याची शक्यता जास्त, ते अ‍ॅट्रोपिनने जाणार नाहीत.

एकदा कोरडा झाला की जेवढं एकूण लागलं त्याच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून. आणि लक्ष ठेवा: ताप चढला, माणूस ओरडायला-ओढायला लागला, पोटाचे आवाज बंद झाले, लघवी तुंबली, तर जास्त झालं. ड्रिप तासभर थांबवा आणि कमी वेगाने पुन्हा सुरू करा. रात्रीच्या ड्युटीत बाटली संपली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, अशाने पहाटे पुन्हा फेस येतो. त्यामुळे ड्युटी बदलताना पेशंटच्या खाटेशेजारी उभं राहून चार्ज द्यायचा, टेबलावरून नाही.

पॅम द्यायचं की नाही?

पॅम म्हणजे प्रॅलिडॉक्सिम, कीटकनाशकाने बंद पाडलेलं एन्झाइम पुन्हा चालू करणारं इंजेक्शन. यावर डॉक्टरांत अजून एकमत नाही. २००६ मध्ये बारामतीत झालेला अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, त्यात सलग मोठ्या मात्रेने दिलेल्या पॅमचा फायदा दिसला. २००९ मध्ये श्रीलंकेतल्या अभ्यासात दिसला नाही. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. पेशंट किती वेळाने आला, कुठलं औषध, किती प्यायलं, यावर उत्तर बदलतं. आमच्याकडे लवकर आलेल्या पेशंटला देतो: किलोमागे ३० मिलिग्रॅम, २० ते ३० मिनिटांत हळू, त्यानंतर तासाला किलोमागे ८ मिलिग्रॅम. भसकन ढकलायचं नाही, हृदय थांबू शकतं. आणि अ‍ॅट्रोपिन द्यायच्या आधी कधीच नाही. पॅम संपलंय म्हणून नातेवाइकांना रात्री चाळीस किलोमीटर पळवण्यात अर्थ नाही; अ‍ॅट्रोपिन आणि श्वास हेच मुख्य.

कीटकनाशकाचा पेशंट दुसऱ्या दिवशी चहा पितोय, बोलतोय. वॉर्डातून सोडायचा का?

नाही. हे माझ्या स्वतःच्या चुकीवरून सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका रुग्णालयात, पंचविशीतला एक मुलगा दुसऱ्या दिवशी मस्त बोलत होता. घरचे सोडा म्हणून मागे लागले आणि मी सोडला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जीपमधून परत आणला तेव्हा त्याची मान बाळासारखी लोंबत होती. ना लाळ, ना घाम, पण छाती हलत नव्हती. श्वासाची नळी घातली, बारा दिवस व्हेंटिलेटरवर राहिला आणि वाचला.

याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. २४ ते ९६ तासांत मानेचे, खांद्याचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अ‍ॅट्रोपिनचा इथे उपयोग नाही, व्हेंटिलेटर हाच उपचार. चाचणी सोपी आहे आणि ती मावशीसुद्धा (वॉर्डातली आया) करू शकते: ‘दादा, उशीवरून डोकं वर उचल.’ सकाळ-संध्याकाळ विचारायचं. उचलता आलं नाही तर त्याच मिनिटाला डॉक्टरला हाक.

पोट धुवायचं का? नातेवाईक म्हणतात ‘नळी घाला’.

लोकांच्या मनात पोट धुणं म्हणजेच उपचार. न धुता पेशंट दगावला तर भांडण होतं, हे मला माहीत आहे. तरीही बहुतेकांचं धुवायची गरज नसते. विष घेऊन तास उलटला असेल तर फारसं काही बाहेर येत नाही, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाला नळी घालताना उलटी फुप्फुसात जाते. जीव जातो तो तेव्हा. ओढून-दाबून धरलेल्या पेशंटचं पोट कधीच धुवू नका.

अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल तासाभराच्या आत, पेशंट पूर्ण शुद्धीत असेल तर किलोमागे १ ग्रॅम, मोठ्याला साधारण ५० ग्रॅम. अ‍ॅसिड, रॉकेल, दारू, लोहाच्या गोळ्या यांत त्याचा उपयोग नाही.

अंग धुणं मात्र सगळ्यांचं, आणि ते कोणी करत नाही! कपडे काढा, केस-नखं-काखांसकट साबणाने भरपूर पाण्यात धुवा. कीटकनाशक कातडीतून जात राहतं. केसांत उरलेलं औषध विष देत राहतं.

घरून निघताना काय करावं? मिठाचं पाणी पाजलं तर चालेल?

(हा प्रश्न नातेवाइकांचा, म्हणून उत्तरही त्यांना.) नाही. मीठपाणी नाही, साबणाचं पाणी नाही, अंडं, तूप, चुन्याचं पाणी काही नाही. घशात बोट घालू नका. खांद्यावर उलटं टाकून गरागरा फिरवू नका. जास्त मीठ गेलं तर रक्तातलं सोडियम चढून त्यानेच फिट येतात. अ‍ॅसिड उलटीतून वर आलं तर दुसऱ्यांदा जाळतं, रॉकेल फुप्फुसात जातं. भिजलेले कपडे काढा, डाव्या कुशीवर झोपवा, बाटली बरोबर घ्या, १०८ ला फोन करा. गाडीत मागे एकाने पेशंटचं तोंड कुशीवर धरून बसायचं. बाबा-बुवाकडे वाटेत थांबू नका.

पेशंट एकदम ठणठणीत दिसतोय. तरी ठेवून घ्यायचा?

काही विषं आधी फसवतात.

उंदराची पेस्ट. पिवळा फॉस्फरस असलेली पेस्ट घेतलेला माणूस पहिला-दुसरा दिवस बरा असतो, मग काविळ, रक्तस्राव, यकृत निकामी. रोज यकृताच्या तपासण्या आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) करा, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन (यकृत वाचवणारं औषध) सुरू करा, यकृताची सोय असलेल्या ठिकाणी लवकर बोलून ठेवा. उंदराच्या वडीमधलं रक्त पातळ करणारं औषध वेगळं. त्यात आयएनआर ४८ तासांनी बघायचा आणि वाढला तर व्हिटॅमिन के.

पॅरासिटामॉल. चोवीस तास फक्त मळमळ. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत दिलं तर यकृत जवळपास नेहमी वाचतं, म्हणून रक्तातली पातळी मोजायची सोय नाही तर गोळ्या मोजून निर्णय घ्या आणि सुरू करा: किलोमागे १५० मिलिग्रॅम एका तासात, मग ५० मिलिग्रॅम चार तासांत, मग १०० मिलिग्रॅम सोळा तासांत.

पॅराक्वॅट, हे एक तणनाशक. आधी नुसती तोंडात आग, जिभेवर चट्टे. मग किडनी, मग फुप्फुसं. इथे एक गोष्ट उलटी आहे: ऑक्सिजन सवयीने लावू नका. तो फुप्फुसांचं नुकसान वाढवतो. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा) खूपच खाली गेलं तरच, लागेल तेवढाच. लवकर चारकोल, आणि लगेच मोठ्या रुग्णालयात.

धान्यात टाकायच्या गोळ्या?

अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. पाणी लागलं की फॉस्फीन वायू सुटतो, सडक्या मासळीसारखा किंवा लसणासारखा वास येतो. उतारा नाही. पाण्याने पोट धुवू नका. काही ठिकाणी खोबरेल तेल वापरतात, त्याचा पुरावा तोकडा आहे. बीपी धरून ठेवा, रक्तातली आम्लता सुधारा, ईसीजी लावा आणि आयसीयूकडे हलवा. खिडक्या उघडा, पंखा लावा, उलटीचं भांडं खोलीत ठेवू नका.

लहान मुलांचं काय?

मुलं चुकून पितात, आणि घरातलंच पितात. थंड पेयाच्या बाटलीत भरलेलं रॉकेल किंवा थिनर उन्हाळ्यात हमखास. ना उलटी, ना पोट धुणं. मूल खोकत नसेल तर सहा तास ठेवून घ्या, श्वास मोजा. डास मारायच्या लिक्विडमध्येही बहुधा धोका असतो तो त्यातल्या रॉकेलसारख्या तेलाचा.

देव्हाऱ्यातला कापूर साधा वाटतो, पण एका वडीनेही लहानग्याला फिट येऊ शकते, आणि तीही अचानक. डांबरगोळीने काही मुलांत दोन-तीन दिवसांनी रक्तपेशी फुटतात, लघवी काळपट होते. चंद्रज्योतीच्या बिया खाऊन शाळेतली वीस-पंचवीस पोरं एकदम येतात, सगळ्यांना उलट्या-जुलाब. गोंधळ मोठा असतो, पण सलाइन आणि ओआरएसवर बहुतेक बरी होतात. आधी सर्वांत लहान आणि सर्वांत सुस्त मूल बघा.

प्यायला नाही, फवारत होता. त्यालाही तेवढंच सिरियस घ्यायचं?

हो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दाखल झाले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, त्यामुळे फवारा तोंडावर येतो. दोन-तीन औषधं एकत्र करून मारतात. असा माणूस ‘डोळ्यापुढे अंधारी येते, मळमळतंय’ म्हणून चालत ओपीडीत येतो आणि उन्हाचा त्रास म्हणून गोळी घेऊन जातो. हंगामात डोळे चुरचुरणाऱ्या प्रत्येकाला विचारा, आज काय फवारलं? अंघोळ घाला, किमान एक दिवस ठेवून घ्या.

बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली, सॅच्युरेशन ९९. मग विष कसलं?

बंद बाथरूममधला गॅस गीझर. कार्बन मोनॉक्साइड. बोटावरचं यंत्र त्याला ऑक्सिजन समजतं, त्यामुळे आकडा खोटा असतो. मास्कने १०० टक्के ऑक्सिजन, लगेच.

हातभट्टी पिऊन आलेले तीन-चार जण, नजर धूसर?

मेथिल अल्कोहोल समजूनच चाला. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत अशाच दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. ‘धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं’ असं पेशंट सांगतो आणि श्वास खोल, जलद असतो. बायकार्बोनेट, फोमेपिझोल (मेथिल अल्कोहोलचा उतारा) नाहीतर इथेनॉल, आणि डायलिसिस. बरोबर कोण कोण प्यायलं होतं ते विचारून त्यांनाही घरातून बोलावून घ्या, बरं वाटत असलं तरी.

एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची नोंद) झाल्याशिवाय हात लावायचा नाही, असं कोणी म्हणालं तर?

चूक. १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की आधी जीव, कागद नंतर. पोलिसांना कळवायचं, नोंद करायची, उलटीचा नमुना सीलबंद ठेवायचा, पण अ‍ॅट्रोपिन सुरू करून.

नातेवाईक घाबरून ‘चुकून प्यायला’ म्हणतात, कारण गुन्हा दाखल होईल अशी भीती असते. त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानलं आहे, शिक्षा करायला नाही तर उपचार करायला सांगितलं आहे. भीती गेली की खरी वेळ आणि खरं औषध कळतं.

रेफर कधी करायचं? आणि अडलं तर कोणाला विचारायचं?

श्वास ठीक नसताना गाडीत घालू नका. श्वासाची नळी घालायची असेल तर इथेच घाला. अ‍ॅट्रोपिनच्या भरलेल्या सिरिंजा, सक्शन, अंबू बॅग आणि ती चालवता येणारा माणूस गाडीत हवा. पुढच्या रुग्णालयाला आधी फोन, चिठ्ठीवर किती वाजता किती डोस दिला ते. विषाबद्दल अडलं तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास सांगतं: १८०० ११६ ११७.

कपड्यांचं काय करायचं?

प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. एमएलसीत लागतात. हातमोजे घालून. आमच्या एका मावशीने उघड्या हातांनी गाठोडं बांधलं आणि तासाभराने तिलाच डोकं धरून बसायची वेळ आली.

बरा झाला. सोडताना काय?

मानसोपचार तज्ज्ञांना दाखवल्याशिवाय सोडू नका; ते जिल्ह्याला असतील तर टेलि-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन), १४४१६, मराठीतही बोलतात. ‘कशाला केलंस हे?’ असं राउंडला सगळ्यांसमोर कोणी विचारायचं नाही. पडदा ओढा, स्टूल घ्या, बसून बोला. ‘अजून तसं वाटतं का?’ हे सरळ विचारलं तर चालतं. आणि घरच्या जबाबदार माणसाला बाजूला घेऊन विचारा, फवारणीची औषधं कुठे असतात. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘पलंगाखाली’. आमच्या एका पेशंटच्या भावाने त्या दिवशीच लोखंडी पेटी घेतली, औषधं गोठ्याच्या माळ्यावर ठेवून कुलूप लावलं आणि चावी शेजारच्या घरात, काकूंच्या मिसळणाच्या डब्यात ठेवली.